मनकर्णा, तेलदरा

रविवार, २ फेब्रुवारी

पोचले एकदाची! कोपरगावहून पहाटे निघाले ती नगर, जामखेड आणि शेवटी खर्ड्याच्या अलीकडे उतरून टमटम. तेलदऱ्यात पाय टेकले तेव्हा दुपारचे तीन. खांद्यावरच्या लांब पिशवीकडे बघत टमटमवाल्याने विचारलं, वीणा हाय का? मी हो म्हणून टाकलं. आत आजोबांची ठासणीची बंदूक आहे.

आमच्याकडे नुसता ऊस. इथे नजर जाईल तिथवर शाळू, कणसं भरून पांढरा झालेला. निवृत्त शिक्षक आबासाहेबांनी मागची खोली दिली आणि गरम भाकरी, ठेचाही. फार बरं वाटलं.

सहादेव आजोबा दिवाळीत गेले. बंदूक माझ्यासाठी ठेवून गेले. मी कॉलेजात इतिहास शिकवते म्हणून असेल. परवाना नावावर झाला आणि मी पंधरा दिवसांची रजा टाकली. दस्त्यावर पितळी पट्टी आहे, तिच्यावर कोरलंय: मनकर्णा, तेलदरा. तोफांना असतं तसं हे बंदुकीचं नाव, असं घरात सगळे म्हणत. खापरपणजोबा राम यांनी हिने माणसं खाणारा लांडगा मारला आणि गावाने खूश होऊन ती त्यांना देऊन टाकली, एवढीच आमची माहिती.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

दोन दिवस नुसती माणसं भेटतायत. लांडग्याची गोष्ट म्हाताऱ्यांना ठाऊक आहे, पण कुणी पुढे बोलत नाही, चहा पाजतात. आबासाहेबांना बंदूक दाखवली. नगरच्या कारागिराने सांगितलेलंही सांगितलं: नळीत आतून आटे आहेत, गोळी गिरकी घेत जाते, शंभर पावलांवरचं लिंबू चुकायचं नाही. नळीत गज सोडून बंदूक भरलेली की रिकामी ते कसं बघायचं, तेही करून दाखवलं. गज खणकन तळाला गेला. रिकामी.

पट्टी वाचून आबासाहेबांनी बंदूक स्वतःच पिशवीत घातली. मग म्हणाले, उद्या गोजरबाईंकडे जाऊ.

बुधवार, ५ फेब्रुवारी

गोजरबाई ऐंशीच्या पुढच्या. ओसरीवर बायका शेंगा फोडत बसल्या होत्या. मी विचारलं, बंदुकीला मनकर्णा नाव कुणी दिलं?

"मनकर्णा बंदूक न्हाई, बाई. माजी आजी हाय ती."

मग त्यांनी सांगितलं. लांडग्याने दोन लेकरं नेली म्हणून रामला बोलावलेलं. त्याने विहिरीवर मनकर्णेचा हात धरला. तिने चारचौघांत त्याच्या मुस्काटात दिली. आठ दिवसांनी हाका निघाला. सगळं गाव डबे बडवत लांडग्याला शाळूतून हाकत होतं, राम बांधावर बंदूक घेऊन. मनकर्णा त्याच शाळूत, बांधापासून वीसेक पावलांवर वाकलेली. तिला तिकडे कुणी धाडलं ते कधी कळलं नाही. गोळी तिला लागली. कधी तिची घोंगडी बघून लांडगा वाटला, कधी नेम चुकला, असं तो रडत म्हणाला.

"गावानं इस्वास ठिवला. माज्या आईनंबी ठिवला. पाच वर्साची हुती ती."

तिथेच मी गप्प बसायला हवं होतं. पण वर्गात बोलावं तशी बोलून गेले, की ह्या बंदुकीचा नेम तेवढ्या अंतरावर चुकत नाही. आणि सोबत आणलेल्या बंदुकीची पट्टी पुढे केली. त्यांना वाचता येत नाही. अंगठा फिरवत म्हणाल्या, वाच.

मी वाचलं.

शेंगा फोडायचा आवाज थांबला. मारलेल्या बाईचं नाव त्याने कोरून घेतलं होतं आणि आमच्या घरात शंभर वर्षं ते दसऱ्याला पुजलं जात होतं.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

काल नळावर गेले तर बायकांनी घागरी आडव्या लावल्या. दुकानदाराने बिस्किटाचा पुडा माझ्या हातातून काढून परत फळीवर ठेवला. कुणी शिवी देत नाही, आवाजही चढवत नाही. नुसते बघतात.

आज निघायचं ठरवलं. एसटी आली. फाट्यावर दहाबारा माणसं हाताची घडी घालून उभी होती. कंडक्टरने त्यांच्याकडे पाहिलं आणि दोनदा घंटी मारली. गाडी थांबलीच नाही. टमटमवाला मान फिरवून गेला. पिशवी खोलीत टाकून फोन करायला शाळेकडे गेले; रेंज फक्त तिथल्या गच्चीवर येते, आणि शाळेला कुलूप.

शनिवार, ८ फेब्रुवारी

बंदूक पिशवीत नीट बसेना. सहज गज सोडून पाहिला. चार बोटं आधीच थांबला.

गजाच्या टोकाला पेच लावला. आत होतं ते ओढून काढलं. आधी कापडाचा बोळा, माझ्याच निळ्या ओढणीचा. मग शिशाची गोळी. मग काळी दारू.

खोलीची किल्ली फक्त माझ्याकडे आणि आबासाहेबांकडे. त्यांना विचारलं. ते खाली बघत म्हणाले, मनकर्णेच्या अंगातून निघालेली गोळी गोजरबाईंच्या देव्हाऱ्यात होती. काल वितळवून पुन्हा ओतली.

तुम्ही तर शिक्षक, असं मी म्हणाले. ते म्हणाले, मी आधी इथला.

रविवार, ९ फेब्रुवारी

बंदूक गोजरबाईंच्या उंबऱ्यावर ठेवली. गोळीसुद्धा. पाया पडले. रामच्या वतीने माफी मागितली, रडले.

त्यांनी विचारलं, "त्योबी असाच रडला हुता. खरं रडली का तू?"

मी पुन्हा त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं.

त्यांनी बंदूक आत नेली. म्हणाल्या, जा. उद्या दुपारी शाळूतल्या पायवाटेनं खर्ड्याला जा, कोन अडवनार न्हाई.

सुटले. देवा, सुटले.

सोमवार, १० फेब्रुवारी. दुपार

निघाले तेव्हा गाव रिकामं होतं. दारं उघडी, माणूस एक नाही. मला वाटलं कामाला गेले असतील—

शाळूत अर्ध्यावर आले. मागे डबा वाजला. एक. मग चार. मग मोजता येईनात.

पळाले. डावीकडे डबे. उजवीकडे डबे. पुढेच काय ती शांतता. तिकडेच धावत होते मी. कळलंच नाही मला, हाकतायत—

आता खाली बसलेय. पानं कापतायत. हे लिहून वही इथेच मातीत सारते. बाबा, कुणाला सापडली तर—

डबे थांबले.

सगळे एकदम.

समोर बांध आहे, वीसेक पावलांवर. वर कुणीतरी खोकलं. म्हातारं माणूस खोकतं तसं.

वाकून राहिले तर लांडगा वाटला म्हणतील. उभी राहते. चेहरा दिसू दे. ओरडून सांगते मी कोण, रामची कोण—

पण ते तर गोजरबाईंना माहीतच