जाळं कापणाऱ्याच्या हाती सुरी

नाखवा, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. परवा मासळी घ्यायला पाचूबंदरला गेलो, तर तुमचा मुलगा जाळं सांधत बसलेला. त्याने मला ओळखलं नाही आणि मीही ओळख दिली नाही.

सोळा वर्षांचा होतो मी. तुमच्या वाळत घातलेल्या जाळ्यावरून आम्ही सायकली नेल्या म्हणून तुम्ही चारचौघांत माझा कान पिळलात, आणि दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी ते जाळं ब्लेडने चिरलं. ऐन हंगामात तुमची होडी किनाऱ्याला बसून राहिली. आधी पोलीस, मग बाल न्याय मंडळ. बाबांची खाली गेलेली मान पुढे कितीतरी दिवस वर आली नाही. मंडळाने तुम्हाला विचारलं, तेव्हा तुम्ही म्हणालात, "याला कोंडून माजं जालं सांदलं जानार हाय का? दर रविवारी माज्याकडं धाडा."

पहिल्याच रविवारी मी भोकाच्या कडा ओढून एकमेकींना बांधत सुटलोय. तुम्ही बघताय. मग कमरेची सुरी काढून माझ्यापुढे धरता. तुमचा मुलगा ओरडतोच, "बाबा, याच्या हातात सुरी देता?" तुम्ही त्याच्याकडे बघतही नाही. "आदी भोक मोटं कर. तुटका दोरा कापत चांगल्या गाठीपरयंत जा. नायतर सांदलेलं टिकनार नाय." पहिला दोरा कापता कापता माझं बोटच कापलं. तुम्ही निवांत बिडी पेटवलीत.

सहा महिन्यांनी, शेवटच्या रविवारी, माफीचं पत्र द्यायचं होतं. मजकूर वकिलांनी सांगितला, मी सुवाच्य अक्षरात उतरवला. तुम्हाला वाचता येत नव्हतं, म्हणून मीच वाचू लागलो. 'रागाच्या भरात माझ्या हातून...' एवढं ऐकूनच तुम्ही मला थांबवलंत. "राग येतो मानसाला. मला बी येतो. झालं आता." आणि पाठीवर हात ठेवलात.

नाखवा, त्या दुपारी मला राग आलेला नव्हता. तो आदल्या संध्याकाळीच ओसरला होता. ब्लेड जाळ्यातून किती अलगद जातं याची मला मजा वाटत होती, म्हणून मी या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलो. तुम्ही माफ केलंत ते रागाला. या मजेची मला आजही लाज वाटते, आणि तिची माफी मी मागितलेलीच नाही. हे पत्र कुठे पाठवणार? आणि खरं सांगू, तुम्ही असतात तरी हे मी तुम्हाला वाचून दाखवलं नसतं.