सातवा उंदीर

सर, सातव्या उंदराबद्दल तुम्हाला सांगायचं राहून गेलं. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली. त्याआधी निवृत्तीनंतरची बारा वर्षं तुम्ही विद्यानगरच्या घरी रोज पाच वाजता गॅलरीत चहा घेत बसलेले असायचात, आणि मी महिन्यातून एकदा तरी येऊन तुमच्या बशीतली बिस्किटं संपवून जायचे. तेव्हा संधी मिळाली नाही असं म्हणायची सोय नाही. सांगायला म्हणून तोंड उघडायचे आणि त्यात बिस्किट घालायचे. माझ्यावर एवढा विश्वास टाकलात, आणि शेवटी माझ्याकडून फसूनच गेलात की काय, हा प्रश्न एवढी वर्षं मी सोबत घेऊन फिरते आहे. आज त्याचं उत्तर मिळालं, म्हणून लिहायला बसले.

पहिल्या दिवशी तुम्ही फळ्यावर मेस्कलीनचा, म्हणजे माणसाला भास घडवणाऱ्या द्रव्याचा, रेणू काढला होता. प्रयोगशाळेत आपण दोघंच, शिवाय चहा घेऊन आलेले आपले अटेंडंट चाचा. मी जामबागच्या मराठी शाळेतली, पुढचं सगळं इंग्रजीत घोकलेली. तुम्ही नांदेडकडच्या शेतकऱ्याच्या घरातले. त्यामुळे परीक्षेसाठी इंग्रजी आणि समजण्यासाठी मराठी, असं आपलं न बोलता ठरून गेलं. "ही थोरली बहीण," तुम्ही म्हणालात. "निवडुंगात जन्मली. हिच्या कड्याला तीन मेथॉक्सी आहेत. अमेरिकेतल्या एका रसायनज्ञाच्या मनात आलं, यांच्या जागा बदलल्या तर काय होईल? एक काढून तिथं मिथाइल बसवला तर? शेपटीला आणखी एक मिथाइल अडकवला तर?" खडू फळ्यावर टकटक चाललेला. "झाली डीओएम. तोंडवळा थोरलीचाच, पण स्वभाव बघ. थोरली जिथं मूठभर लागते तिथं ही चिमूटभर पुरते. शेपटीवरच्या त्या मिथाइलमुळे शरीरातलं एन्झाइम हिला सहजासहजी तोडू शकत नाही, म्हणून एकदा आली की हिचा मुक्काम दिवसभर. फक्त यायला फार वेळ लावते."

मग तुम्ही स्टूल ओढून बसलात आणि सॅन फ्रान्सिस्कोची गोष्ट सांगितलीत. साठच्या दशकाच्या शेवटी तिथल्या तरुण मुलांच्या हातात हिच्या गोळ्या पडल्या, आणि गोळीत औषध नको तेवढं जास्त. मुलांनी एक गोळी घेतली, बसून राहिली, तासभर काही होईना. गोळी पुचाट निघाली असं वाटून कित्येकांनी दुसरी घेतली. मग दोन्ही एकदम उगवल्या, आणि घाबरलेली पोरं दवाखान्यात जाऊन पडली. "औषध गरीब होतं असं मी म्हणत नाही," तुम्ही म्हणालात, "पण या पोरांना अर्धं औषधानं आणि अर्धं घाईनं पाडलं. म्हणून आपल्या लॅबमध्ये नियम एकच. दिल्यावर हात मागे." आणि खरोखरच उभे राहून तुम्ही हात पाठीमागे बांधून दाखवलेत, शाळेत प्रार्थनेला उभं राहतात तसे. चाचांनीसुद्धा चहाची किटली खाली ठेवून हात मागे घेतले. मला हसू आवरेना.

आपल्या बाटलीत होती या घराण्यातली आणखी धाकटी, डीओआय. डीओएमच्या कड्यावरच्या मिथाइलच्या जागी आयोडीन. मेंदूतल्या सेरोटोनिनच्या टू-ए रिसेप्टरवर ती नेमकी जाऊन बसते, म्हणून जगभरच्या प्रयोगशाळांना तो रिसेप्टर अभ्यासायला ती हवी असते. तुम्ही ती कागदपत्रांचा भारा करून परदेशातून मागवली होती. उंदराला टोचली की थोड्या वेळानं तो मान झटकायला लागतो, कानात पाणी गेल्यासारखी. किती वेळा झटकतो ते मोजायचं, हेच माझं काम. रोज संध्याकाळी तुम्ही बाटली उजेडात धरायचात आणि आतलं औषधाचं पाणी जिथवर असेल तिथं पेन्सिलीनं बारीक रेघ मारायचात. मला वाटायचं, म्हाताऱ्या माणसाच्या सवयी.

त्या दिवशी सगळ्यात लहान डोसाची पाळी होती. सहा उंदीर झाले, तुम्ही कोठीच्या बाजारात जुनी पुस्तकं चाळायला गेला होतात. सातव्याला टोचलं आणि हात मागे घेतले. उंदीर स्वस्थ. मिशा साफ करतोय, कोपरा हुंगतोय, माझ्याकडे बघतोय. दुपारी मैत्रिणीबरोबर सिनेमाला जायचं ठरलेलं. मला वाटलं, सुई नीट लागलीच नाही, औषध बाहेरच सांडलं. हात मागचे पुढे कधी आले ते कळलंही नाही. दुसऱ्यांदा टोचून मी सिरिंज ठेवते न ठेवते तोच तो मान झटकायला लागला. आणि असा लागला म्हणता, की माझं मोजणं मागे पडलं. नेमके त्याच वेळी तुम्ही बगलेत पुस्तकं घेऊन दारात उभे.

"चाचा, इधर आओ! देखो ये क्या कमाल कर रा!" तुम्ही ओरडलात. चाचा धावत आले, वाकून बघितलं आणि काळजीनं म्हणाले, "सर, इसको मच्छर काट रे क्या?" तुम्ही इतके हसलात की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग मला विचारलंत, "एवढ्याशा डोसावर?" मी म्हटलं, "हो सर." बास, तेवढंच. दोन शब्द. तुम्ही हात पाठीमागे बांधलेत. मग म्हणालात, "हुशार उंदीर दिसतोय," आणि चहा प्यायला गेलात. सिनेमाला मी गेले नाही. पोटात दुखतंय असं मैत्रिणीला कळवलं.

प्रबंधाच्या तक्त्यात तुम्ही सातवा उंदीर घेतलाच नाहीत. "एकट्या उंदराच्या हुशारीवर भरवसा ठेवू नये," एवढंच म्हणालात, आणि मी सुटकेचा श्वास सोडला. पण वर्गात मात्र हा उंदीर अजरामर झाला. दर वर्षी नव्या मुलांना तुम्ही त्याची गोष्ट सांगायचात, आणि मी मागच्या बाकावर चोरासारखी बसलेली. मला नोकरी लागली तेव्हा तुम्ही तुमचं स्टॉपवॉच दिलंत. "वाट बघण्याच्या कामी येईल," म्हणालात. माझ्या संयमाचं बक्षीस म्हणून मिळालेलं ते घड्याळ, आणि ते मिळवणारी मी! घरी जाऊन रडले मी, सर. आईला वाटलं, नोकरीच्या आनंदानं.

आता परवाची गोष्ट. माझी एक विद्यार्थिनी आहे, विद्यानगरचीच, घरी मराठी बोलणारी. बोलते छान, पण मराठी वाचायला दिलं तर अक्षरं लावत बसते. तीही डीओआयवरच काम करते. तीस वर्षं झाली, औषध तेच, मान झटकणं तेच. फरक एवढाच की आता या कुळातली औषधं आजारांवर उपयोगी पडतील का म्हणून लोक गंभीरपणे शोधतायत. तुम्ही असतात तर खुर्चीतून उठून नाचला असतात. तर ही मुलगी माझ्या खोलीत आली, चेहरा उतरलेला. "मॅडम, गलती झाली. उंदीर काहीच करेना, मला वाटलं सुई लागलीच नाही. मी दोनदा दिलं. आत्ताच, दहा मिनिटं झाली." दहा मिनिटं, सर. मला तीस वर्षं पुरली नव्हती. मी तिला रागावले, हात मागे ठेवायचे म्हणजे काय ते पुन्हा सांगितलं, तो उंदीर मोजायचा नाही म्हणाले. जाता जाता ती दारात थांबली. "मॅडम, तुमच्याकडून कधी असं झालं होतं क्या?" मी म्हटलं, "नाही गं." पुन्हा तेच. तसेच दोन शब्द.

आणि आज विभाग नव्या इमारतीत न्यायचा म्हणून तुमचं जुनं कपाट रिकामं करत होते. खालच्या कप्प्यात तुमची वही निघाली, बाटलीच्या रेघांची. तारीख, पाणी किती, वापरलं किती, सगळं तुमच्या त्या मुंगीएवढ्या अक्षरात. मी तो दिवस काढला. सात उंदरांचं औषध वापरलं जायला हवं होतं, आठांचं गेलं होतं. पुढे तुम्ही लिहिलंय: "सातव्याला दोनदा. विचारायचे नाही. सांगेल." त्याखाली तुम्ही अर्धं पान कोरं सोडलंय, सर. पुढच्या दिवसाची नोंद नव्या पानावर सुरू होते. तुम्ही कागद वाया घालवणारे नव्हतात. चहाच्या पुडीच्या कागदावर गणितं करायचात. ती जागा माझ्यासाठी होती.

म्हणजे तुम्ही फसला नव्हतात. वर्गातली ती गोष्ट, ते घड्याळ, गॅलरीत माझ्यापुढे सरकवलेली बिस्किटांची बशी, प्रत्येक वेळी तुम्ही हात मागे बांधून उभे होतात आणि मला फक्त कौतुक दिसत होतं. आधी लाज वाटली, मग हसायला आलं. काम करणाऱ्या माणसांनी दारातून डोकावून बघितलं, मॅडमला झालं काय म्हणून.

त्या कोऱ्या अर्ध्या पानावर मी आत्ता लिहिलं आहे: "सर, दोनदा दिलं होतं. घाई झाली होती." खाली आजची तारीख आणि सही. हे पत्र तिथंच घडी करून ठेवते, पाठवायला पत्ता नाही. वही उद्या त्या मुलीपुढे उघडून ठेवणार आहे. नुसती ठेवून खोलीबाहेर निघून जावं, असा माझा बेत होता, तो तुमच्यापासून काय लपवायचा. पण तुमचं अक्षर बारीक आणि तिला मराठी वाचता येत नाही धड. मलाच मोठ्यानं वाचून दाखवावं लागेल.