पुदिन्यावरचा तांबेरा

जालना, ७ डिसें. ९१
पुदिन्याच्या पानांखाली केशरी ठिपके. पुसलं तर बोटाला हळदीसारखी भुकटी. तुळस, ओवा ठीक, हाच तेवढा. लागलेली पानं खुडली. नेमकं आत्ताच. तापानंतर सासूबाईंच्या तोंडाला चव नाही, चार घास जातात ते ह्याच्या चटणीवर.

९ डिसें.
ठिपके आता दांड्यांवरही. ह्यांनी एमआयडीसीतून बुरशीचं औषध आणलं. "मारून टाकतो जल्दी."
"आपण पानं खाऊन राह्यलो, अन् औषध मारता?"
पुडी परत पिशवीत.

१२ डिसें.
आंबट ताक शिंपडून झालं. फरक नाही. शेवटी सगळा मुळासकट उपटला, जाळला. ओला, नुसता धूर. सासूबाईंनीच घनसावंगीहून आणून लावलेला, घर एक होतं तेव्हा. ओट्यावरून बघत होत्या. "समदाच?" एवढंच.

१५ डिसें.
बाजारची जुडी आणली. सासूबाईंनी चटणीला बोट लावलं, ताट सरकवलं. "ह्यो न्हाई." दिवसभर चहावर.
तो पुदिना आता फक्त घनसावंगीला, धाकट्या जावेकडे, शांताकडे. वाटणीच्या वेळी शांता सासूबाईंना तोंडावर म्हणाली, मी तुम्हाला सांभाळणार न्हाई. तेव्हापासून तिचं नाव ह्या घरात निघत नाही. मीही काढलं नाही. सोपं होतं ते.
हे म्हणाले, "जायचं तर जा. मी येत न्हाई."

१८ डिसें.
जाऊन आले. शांता भांडी घासत होती, उठली नाही. सासूबाई जेवत नाहीत हे सांगितल्यावर तिने हात धुतले, न्हाणीमागे घेऊन गेली. हिरवागार पुदिना. मी पानं उलटून बघत होते.
"बराबर बघून घ्या अक्का. काही न्हाई त्याला."
मुळ्या ओल्या फडक्यात बांधल्या, वर एक जुडी. बसपर्यंत आली. खिडकीशी म्हणाली, "माझ्याकडचा हाय म्हणून सांगू नका. खाणार न्हाईत."

१९ डिसें.
मुळ्या कुंडीत, नव्या मातीत लावल्या. जुन्या जागेचा भरवसा नाही. जुडीची चटणी वाटली. सांगणार नव्हते. पण सासूबाई इतक्या मन लावून खायला लागल्या, चोरून खाऊ घालणं नको वाटलं.
"शांताकडचा आहे."
हात थांबला. घास तोंडात तसाच. वाटलं, उठतात आता. बराच वेळ चावत राहिल्या. मग माझ्याकडे न बघता,
"तिचा कापूस झाला का वेचून?"
मी विचारलंच नव्हतं.