एप्रिलमधल्या बारा काचा

मुकुंदवाडी, औरंगाबाद
दि. २२ सप्टेंबर २०१६

प्रिय तनूस,

कशी आहेस? औरंगपुऱ्यातल्या क्लासची पोरं डोकं खात असतील. मी बरी आहे. माझ्या खोलीमागं अजून एक सात मजली बिल्डिंग उठली. उन्हाळ्यात आमचे नळ कोरडे होते, तवा तिथं रोज दोन टँकर यायचे. औंदा पाऊस बरा झाला, आमचे बापू मेंढरं घेऊन फुलंब्रीला परत आलेत.

त्यांनी विचारलं, "तुझी मैत्रीण दिसत नाय?" मी म्हटलं, तिला नोकरी लागली, म्हणून पीएचडी सोडली. खोटं बोलणं हल्ली मला लई सोपं जातंय.

लॅबमध्ये तुझा विषय निघाला की आपल्या गाईड सरांच्या कपाळाला अजून आठ्या पडतात. तुझं म्हणणं मात्र मला पाठ आहे. फुलरिन म्हणजे कार्बनचा गोळा. त्याला एकाऐवजी दोन शेपट्या जोडल्या, की प्लास्टिकच्या सौर सेलचं व्होल्टेज वाढतं. पण शेपट्या लांब झाल्या तर गोळे एकमेकांपासून लांब पडतात अन् वीज पुढं सरकत नाय. म्हणून तू त्या आखूड केल्यास. सात महिने घातलेस त्यात! बापूंना सांगितलं तवा ते म्हणाले, "मेंढरं अंगाला अंग लावून चालली तरच कळप हलतो, व्हय ना?"

अन् मी काचांवर बनवलेल्या सेलमध्ये तुझी ही आखूड शेपट्यांची पावडर नापास झाली. जुनी, एका शेपटीची पावडर उन्हातल्या साडेतीन टक्के ऊर्जेची वीज करायची, तुझी एक टक्क्याचीसुद्धा नाय. सर म्हणाले, पावडरच अशुद्ध. तू रडत विचारलंस, "रत्ने, काचा नीट होत्या ना?"

आता लिहितेच. जुन्या पावडरचे सेल मी फेब्रुवारीत केले होते, तुझे एप्रिलमध्ये. तवा पाण्यावाचून डिस्टिल्ड वॉटरचं यंत्र बंद होतं. मी बाराच्या बारा काचा टँकरच्या पाण्यानं धुतल्या. वाळल्यावर क्षाराचे पांढरे डाग पडले. मी पाहिले होते गं! फडक्यानं पुसले अन् पुढं गेले. सरांनी सगळ्यांसमोर विचारलं तवा म्हटलं, "व्हय सर, नेहमीसारख्याच धुतल्या." आधी दोनदा माझे सेल वाया गेले होते, तिसऱ्यांदा त्यांनी मला काढलंच असतं. माझ्याऐवजी तू गेलीस.

सोमवारी कपाटात तुझी उरलेली बाटली सापडली. दोन्ही पावडरी एकाच दिवशी, एकसारख्या स्वच्छ काचांवर लावल्या. जुनी साडेतीन. तुझी चार पूर्णांक सहा. तीनदा मोजलं.

सरांना वाटलं, ही मीच नवी बनवली. खूश होऊन म्हणाले, पेपर लिहायला घे. दोन दिवस मी गप्प बसले, तनू. हेही तुला कळायला पाहिजे.

आज सकाळी एप्रिलची वही उघडून सगळं त्यांना सांगितलं. त्यांनी ती पानं स्वतः वाचून पाहिली. मग म्हणाले, "तिला बोलवून घे. अन् तू उद्यापासून येऊ नको."

येत्या सोमवारी सकाळी दहाला सर लॅबमध्ये तुझी वाट बघतील. मी तिथं नसणार, तवा बिनधास्त ये.

तुझी म्हणायला तोंड राहिलं नाय,
रत्नमाला