खाच पाडलेला तुकडा

२ मार्च, सकाळी ७
आजपासून राग बंद. काल चहाचा कप भिंतीवर फुटला. मी नुसता सोडला होता, भिंत मध्ये आली. बायकोची तासभर किरकिर. दुर्लक्ष केलं. मुळात मी शांत माणूस.

३ मार्च
लॅबमध्ये मॅडमनी नवे तुकडे दिले. सिरॅमिक, आत बारीक धागे विणलेले. मधोमध खाच पाडायची आणि मशीनवर दोन्हीकडून ओढायचं. सिरॅमिक म्हणजे कपाचीच जात, खाचेपाशी तडकणारच. वीस वर्षांचा अनुभव आहे. सगळ्यांदेखत सांगितलं, निम्म्या लोडला, म्हणजे ठरलेल्या ओढीच्या निम्म्यातच, दोन तुकडे झाले नाहीत तर मिशी काढेन.

४ मार्च
निम्म्या लोडला तुकडा कुरकुरला. मी विजयी मुद्रेने स्टॉप दाबला. तुकडा अखंड!
मॅडम म्हणाल्या, "अहो, तो मोडत नव्हता, सोसत होता. बारीक तडे जातात, धागे ते धरून ठेवतात, खाचेवरचा ताण आजूबाजूला वाटला जातो. त्याचाच तो आवाज."
शेजारच्या मशीनवर सतत गॉगल लावून बसणारा पोरगा, मी त्याला गॉगलच म्हणतो, हसला. त्याची कॉलर धरली. बटणं तुटली, पण दोनच.

५ मार्च
घरी बायको पुन्हा सुरू. कपाटाला लाथ घातली. दाराला खड्डा, माझा अंगठा काळानिळा. कपाट फार पुढे ठेवलंय.

६ मार्च
पाऊण लोडलाही तुकडा ढिम्म. राग अजिबात आला नाही. तीनदा हातोडी हाणली ती फक्त तपासणी म्हणून. दांड्यातून हातोडीचं डोकं निसटलं आणि गॉगलच्या कपाळावर बसलं. चार टाके. मॅडमनी मला आठ दिवस घरी बसवलं. मिशी ठेवली आहे, तत्त्वाचा प्रश्न आहे.

८ मार्च
खुर्ची आपटून मोडली. बायको चकार शब्द बोलली नाही, गुपचूप लाकडं उचलली. शेवटी आली वळणावर.

९ मार्च
अजून शांतता. लग्नानंतर इतकं छान कधी जमलं नव्हतं.

१० मार्च, दुपार
बायको बॅग घेऊन दारात. कुठे, म्हणून विचारलं.
म्हणाली, "मी भांडत होते, कारण मला इथे राहायचं होतं."
बॅग घ्यायला हात पुढे केला, तर तिने दचकून डोकं झाकलं. मी तिला आजवर एकदाही मारलेलं नाही. हे तिला कुणीतरी सांगायला हवं.

११ मार्च
भात करपला. रागाने ताट उचललं. फेकणार, तर समोर कुणीच नाही. हळूच खाली ठेवलं आणि रडलो.