आबांच्या चाकावरचं पोतं

जेसल पार्क, भाईंदर पूर्व
४ ऑक्टोबर १९९४

ती. सुगंधाताईस,
उदयचा शि. सा. नमस्कार वि. वि.

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. दमलोय गं. स्टीलची भांडी पॉलिश करून करून धूळ छातीत बसलीय. डॉक्टर म्हणतात, हे काम सोडा. सोडून खायचं काय, ते मात्र सांगत नाहीत.

आता ऐक, आणि ओरडू नकोस. बेव्हर्ली पार्कमधल्या एका शाळेला मुलांना मातीकाम शिकवायला माणूस हवाय. कुंभाराचा मुलगा आहे, सगळं येतं, असं मी ठोकून आलो. येतंय कुठे, कप्पाळ! आबांनी मला चाकाजवळ फिरकू तरी दिलं का? तू शीक, हात मळवू नकोस, म्हणाले आणि पंधराव्या वर्षी मामाकडे इकडे धाडलं.

शाळेनं विजेवर फिरणारं चाक आणलंय. पंधरा डिसेंबरला मोठ्या बाईंसमोर एक मडकं काढून दाखवायचं. तोवर संध्याकाळी सराव करायला मोकळीक आहे. मिठागराच्या कडेची चिकणमाती आणून हातानंच चार वाडगे केले, तर सुकल्यावर सगळ्यांवर पांढरं फुटलं आणि पापुद्रे सुटले. काय चुकलं ते सविस्तर लिही. ही नोकरी गेली तर पुन्हा त्याच धुळीत मरायचं आहे. वासंतीला अजून काही बोललेलो नाही, नवरा हातचं काम सोडतोय म्हणून घाबरेल. आईला नमस्कार.

माया आहे तशी राहू दे.
तुझा,
उदय

*

निंबगाव
१३ ऑक्टोबर १९९४

चि. उदय यास,
सुगंधाताईचे अ. उ. आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून हसावं की रडावं कळेना. अरे शहाण्या, मिठागराची माती! मीठच बाहेर येणार, दुसरं काय? आबा कुठलीही माती आधी जिभेवर ठेवायचे, खारट लागली की थू करून पुढे. एवढंही विसरलास?

गोडी माती शोध. वाळव, ढेकळं फोड, चाळ. मग दोन दिवस भिजत घाल. खडा राहिला तर भाजताना मडकं तिथंच तडकतं. थोडी चाळलेली राख घाल, पायानं तुडव आणि कणकेसारखी मळ. गोळा कापून बघ, आत बुडबुडे दिसले तर पुन्हा मळ. कंटाळा केलास की फसलास. तीस वर्षं या घरातली माती मीच तुडवलीय, माझ्या गुडघ्यांना विचार.

चाकावरचं मात्र मला विचारू नकोस. बाईनं चाकाला हात लावला की घराचं वाटोळं होतं, हे आईनं मला बोलायला लागल्यापासून शिकवलंय. आबा गेल्यापासून चाक पोत्याखाली पडून आहे. आई अंथरुणातच असते. तिचं सगळं करून वर शेतावर जायचं, दिवस कधी मावळतो कळत नाही. कुणी ये, बस म्हणणारं नाही. तू तब्येत सांभाळ.

वासंतीला आशीर्वाद. आठवण ठेवत जा.
तुझी,
ताई

*

जेसल पार्क
२ नोव्हेंबर १९९४

ती. ताईस,
शि. सा. नमस्कार.

माझ्याबरोबर पॉलिशला असणारा मोझेस इथल्याच डोंगरी गावचा. त्याच्या शेतातली माती मिळाली. मी चाखून बघितली तर म्हणतो, तुला येड लागलंय काय, घरी जेवाला न्हाय का? पण माती गोडी निघाली, आणि तू सांगितलंस तशी मळली.

चाकावर मात्र फजिती. गोळा उडून भिंतीवर बसतो आणि शाळेचा वॉचमन पोट धरून हसतो. वासंतीला सांगून टाकलं. तिनं आधी तणतण केली, मग जुन्या साडीचा एप्रन शिवून दिला.

तू आबांना जन्मभर बघितलंस. अंगठा किती खोल घालायचा, आत कुठला हात, जोर कुठे द्यायचा, एवढं तरी लिही. खोकला वाढलाय. दुसरं कुणी नाही गं विचारायला.

तुझा,
उदय

*

निंबगाव
१२ नोव्हेंबर १९९४

चि. उदय यास,
अ. उ. आशीर्वाद.

उत्तर लिहायला बसले आणि कळलं, मला ते माहीतच नाही. आबांचा डावा कोपर मांडीला टेकलेला असायचा, एवढंच आठवतं. अंगठा किती खोल, ते बघून कसं कळणार?

मंगळवारी दुपारी आई झोपली होती. दार लावून घेतलं, चाकावरचं पोतं काढलं आणि बसले. देवाचं नाव घेऊन गोळा चाकावर टाकला. तीन गोळे वाया गेले. चौथा मधोमध बसला.

आता नीट वाच. गोळा डगमगतोय तोवर पुढे जाऊच नकोस. कोपर मांडीला टेकव, हात ओले ठेव. अंगठा मधे घाल, पण तळाला बोटभर जाडी राहू दे. मग डावा हात आत, उजवा बाहेर, आणि माती दोन्हींच्या मधून सावकाश वर घे. जोर बोटांनी नाही, अंगानं द्यायचा. शेवटी ओल्या दोऱ्यानं तळ काप आणि सावलीत सुकव, उन्हात नको.

एक लहानसं मडकं उभं राहिलं, उदय. मला इतका आनंद झाला की लाज वाटली. सरपणामागे लपवून ठेवलंय. हे पत्र फाडून टाक.

तुझी,
ताई

*

जेसल पार्क
१६ डिसेंबर १९९४

ती. ताईस,
शि. सा. नमस्कार.

काल परीक्षा झाली. मडकं वीतभर वर आलं, मला खोकल्याची उबळ आली आणि ते कलंडलं. मी तिथंच बसून राहिलो. मोठ्या बाईंनी विचारलं, इतकं तरी कुणाकडून शिकलात? खोटं बोलायचं त्राण नव्हतं. तुझं पत्र दाखवलं. फाडलं नव्हतं, माफ कर.

त्यांनी ते दोनदा वाचलं. म्हणाल्या, शिकवायला या बाईंना आणा, माती तयार करायला आणि भट्टीला तुम्ही राहा. ताई, ये गं. आईलाही आण. वासंती पुढच्या खोलीत खाटेला जागा करतेय. तू नाही आलीस तर मी आहेच कायमचा पॉलिशला. पण जबरदस्ती नाही.

वाट बघणारा,
उदय

*

निंबगाव
२६ डिसेंबर १९९४

चि. उदय यास,
अ. उ. आशीर्वाद.

तुझी पत्रं मी आईला वाचून दाखवते, तुला माहीत आहे. हे वाचताना ‘शिकवायला या बाईंना आणा’ इथं अडखळले. मी चाकावर बसले हे तिनं ओळखलं. म्हणाली, काढलंस ते मडकं आण.

मांडीवर घेऊन तिनं काठावरून बोट फिरवलं. आता शिव्या बसणार म्हणून मी खाली बघत उभी. तर ती म्हणाली, काठ माझ्यापेक्षा सरळ आलाय.

आबा तापानं पडले होते त्या वर्षी संक्रांतीची सुगडं तिनं काढली होती रे. पंचवीस. त्याच महिन्यात आपल्या आधीचा भाऊ गेला, पाळण्यातला. आपण चाकाला हात लावला म्हणूनच तो गेला, असं धरून ती इतकी वर्षं जगली. आबांनाही बोलली नाही. मला चाकाजवळ जाऊ देत नव्हती, ती पुन्हा घरातलं कुणी जाईल म्हणून.

मग तिनं विचारलं, तू चाकावर बसलीस त्याला किती दिवस झाले? म्हटलं, दीड महिना. आणि उदय आहे ना? म्हटलं, खोकतोय, पण आहे. वासंती? आहे. तू? मी समोरच उभी होते, तरी म्हटलं, आहे. तिनं माझे दोन्ही हात घट्ट धरले आणि खूप रडली. मीही रडले.

संक्रांत झाली की दोघी येतो. पॉलिशला पाय ठेवू नकोस. डोंगरीची माती आणून चाळून, भिजवून ठेव. तुडवायचीही तूच, माझे गुडघे आता संपलेत.

तुम्हा दोघांना पोटभर माया.
तुझी,
ताई