खेकडा कुणासाठी शिजतोय

मंगळवार, ६ मे

घरात खेकडा शिजलाय. मला न सांगता!

दुकानातून आले तर सगळ्या खिडक्या सताड उघड्या. पंखा गरगरतोय. ओट्याला लिंबू चोळलेलं — मी सकाळी सोडला होता त्यापेक्षा ओटा लख्ख! तिथंच मनात पाल चुकचुकली. बापलेक टीव्हीसमोर. टीव्हीचा आवाज बंद. आवाज बंद करून बातम्या कोण बघतं?

“वास कसला येतोय?” मी विचारलं. हे म्हणाले, “कसला वास?” त्याच क्षणी बबडी म्हणाली, “खालच्या मजल्यावरून येतोय, आई.” म्हणजे एकाला वासच येत नाही आणि दुसरीला तो कुठून येतो तेही ठाऊक!

केर काढताना शेगडीखाली नांगीचा तुकडा सापडला. साखरेच्या डब्यावर नीट मधोमध ठेवून दिला.

बुधवार, ७ मे

तुकडा गायब. दोघांनीही अवाक्षर काढलं नाही. म्हणजे दोघंही सामील.

शुक्रवार, ९ मे

दिवसभर मी लोकांच्या कपड्यांवरचे डाग बघते. लाँड्रीच्या काउंटरवर इतकी वर्षं काढल्यावर माणूस तोंडापेक्षा बाहीवर जास्त विश्वास ठेवायला लागतो. ह्यांच्या शर्टाच्या बाहीवर मोहरीच्या सॉसचा पिवळा डाग आहे. आमच्या घरात मोहरीचा सॉस नाही! लग्नापासून ह्यांनी चहासुद्धा स्वतः ओतून घेतलेला नाही. लिफ्टची दुरुस्ती करून घरी यायचे, ते हात तेलाने काळे — मीच म्हणायचे, माझ्या भांड्यांना हात लावू नका. गेल्या वर्षी कंपनीने लवकर मोकळं केलं तेव्हापासून खिडकीत बसलेले असतात.

आणि आता बाहीवर मोहरी.

विचारलं तर म्हणाले, “बाहेर खाल्लं काहीतरी.” काहीतरी म्हणजे काय? “अगं, असंच.” ताकास तूर लागू देत नाहीत!

रविवार, ११ मे

उलगडा होतोय. थोडा थोडा.

बबडी गॅलरीत फोनवर होती. मी आत कपड्यांच्या घड्या घालत होते — म्हणजे घड्या घालत उभी होते. “हो, क्रॅब केक जमतात आता... नाही, टॅकोची अजून धाकधूक आहे... त्यांना आवडलं तर पुढचं ठरेल ना?”

त्यांना आवडलं तर! पुढचं ठरेल!

फार्मसीचं शेवटचं वर्ष चाललंय तिचं. चिठ्ठी बघून औषध देण्याऐवजी कुणाच्या घरच्यांना खाऊ घालायला निघाली आहे? आणि बापाला ठाऊक आहे, आईला नाही!

ताईला फोन केला. ताई म्हणाली, “पोरगी खेकडे सोलायला लागली म्हणजे सासर समुद्राकाठचं बघितलंय तिनं. तू अजून झोपलीच आहेस.” ताईला दुसऱ्याच्या घरातलं नेहमी आधी कळतं.

सोमवार, १२ मे

मीच बॉम्ब टाकला. जेवताना म्हटलं, “चोरून कशाला करता? माझ्यासमोर करा की!” दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मग हे म्हणाले, “हौस आहे आमची. तुला वास आवडत नाही म्हणून...”

हौस! बरं. माझी साप्ताहिक सुट्टी आहे म्हणून आज खुर्ची टाकून स्वयंपाकघराच्या दारातच बसले.

हे खेकड्याचं उकडलेलं मांस बोटांनी चाचपत होते — कवचाची कच राहायला नको म्हणून. मग पावाचा चुरा, अंडं, मोहरीचा सॉस, कांद्याची पात, आणि थापून वड्या — हेच ते क्रॅब केक. बबडी ओट्यावर बसून पाय हलवत हुकूम सोडत होती. “बाबा, मळू नका! हलक्या हातानं. नाहीतर दगड होईल.” पहिला घाणा तव्यावर पडताच फुटला. चुराच सगळा. ह्यांचा चेहरा असा पडला की मला हसू आवरेना. “फ्रिजमध्ये ठेवायला हवे होते आधी,” बबडी म्हणाली. “गार झाले की धरतात.” दुसरे ठेवले, वाट बघितली, मग तळले. सोनेरी, कडेनं कुरकुरीत.

मला एक दिला. दोघं माझ्या तोंडाकडे टक लावून.

“बरा आहे,” मी म्हणाले.

फार चांगला होता. पण तेवढं सांगितलं तर मी फितूर झाले असते.

गुरुवार, १५ मे

ह्यांनी मिशी काढली!! केसही बारीक कापून आले. दार उघडलं तर क्षणभर वाटलं, वीजमीटर बघायला कुणी आलंय. “उकडत होतं,” म्हणाले. इतके उन्हाळे उकडलं नाही ते!

मला काय कळत नाही? व्याह्यांसमोर तरुण दिसायचंय.

शनिवार, १७ मे

आज टॅको. मक्याच्या पिठाच्या लहान चकत्या — लाटायच्या नाहीत, दोन कागदांत गोळा ठेवून वरून जड तव्याने दाबायच्या. ह्यांचा हात जड, त्यामुळे झकास गोल होतात. आत कोळंबी आणि माकुळ, म्हणजे स्क्विड. माकुळ जरा जास्त राहिलं की रबर! बबडीने एक तुकडा चावून चावून बशीत काढून ठेवला. “बाबा, हे कुणाच्याही दाताखाली जाणार नाही. परत.” आणि हे — जे मी साधी चूक दाखवली तरी दोन दिवस गप्प बसायचे — “बरं” म्हणून नवा कांदा चिरायला लागले! बोटाला चिकटपट्टी, डोळ्यांतून पाणी.

किती राबवून घेते ही बापाला. मुलगा बघितलाय तिनं, कोळंबी सोलतोय बाप.

तिसऱ्या वेळी जमलं. वर कोबी, लसूण घातलेलं दही, लिंबात मुरलेला कांदा. मी दोन खाल्ले. तिसरा ह्यांनी न विचारता माझ्या ताटात ठेवला आणि म्हणाले, “खरं सांग. पैसे देऊन खाशील?”

“कुणी मागितले तर देईन,” मी म्हटलं. हे इतके खूश झाले की मला संशय आणखीच आला.

मंगळवार, २० मे

बबडीला एकटी गाठली. सरळ विचारलं — “तो कोण आहे?”

“तो कोण?”

“ज्याच्यासाठी हे चाललंय!”

आधी हसली. इतकी हसली की खाली बसली. मग एकदम डोळे भरून आले तिचे. “आई, बाबांना विचार ना गं. मी नाही सांगणार.”

मी का विचारू? मी ह्या घरातली आई आहे की भाडेकरू? त्यांनी येऊन सांगावं. मी मूग गिळून बसणार.

बुधवार, २१ मे

नाही विचारलं.

शनिवार, २४ मे

आज सगळं डोळ्यांनी बघितलं.

सकाळी दोघं बर्फाची पेटी घेऊन निघाले. “जरा मित्राकडे.” हे इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात — इस्त्री मी केलेली! मी लाँड्रीच्या मालकांना फोन केला, डोकं दुखतंय म्हणून सांगितलं आणि मागच्या बसने निघाले. त्यांची बस पुढे दिसत होती. आयुष्यात कुणाचा पाठलाग केला नव्हता. लाज वाटत होती आणि उतरावंसंही वाटत नव्हतं.

शेवटच्या थांब्याला उतरले. बंदर. फाटकाच्या पलीकडे एक बेताचं जहाज, निळा पट्टा असलेलं. मी चहाच्या टपरीआड उभी राहिले.

फाटकातून एक मुलगा बाहेर आला. गणवेशात. कान जरा बाहेर आलेले, पण चेहरा स्वच्छ. बबडीशी हसून बोलला. ह्यांच्या हातातली पेटी त्याने स्वतः उचलून घेतली — तेवढं बरं वाटलं. म्हणजे ताईचं खरं ठरलं! आणि मग काय, तो ह्यांना घेऊन आत गेला आणि बबडी फाटकाबाहेर बाकावर बसून राहिली. ही कुठली पद्धत? जिचं लग्न ती बाहेर, आणि बापाला आत नेऊन बसवतात! तिने नखं खायला सुरुवात केली. लहानपणी परीक्षेच्या दिवशी खायची तशी.

तिच्याजवळ जावं असं फार वाटलं. एकदा पाय उचललाही. पण जाऊन काय म्हणणार होते? मी तुमच्या मागावर होते?

बराच वेळ गेला. हे बाहेर आले. बबडी उठली. ह्यांनी नुसती मान हलवली — हो अशी. तिने भर रस्त्यात बापाला मिठी मारली. आणि हे रडत होते. स्वतःची आई गेली तेव्हाही रडले नव्हते ते.

मी त्यांच्या आधीच्या बसने परत आले.

येताना सबंध रस्ता विचार करत होते. मुलगा समुद्रावर असणार, महिनोन् महिने नसणार, ही एकटी वाट बघत बसणार. नाही म्हणायची सगळी कारणं माझ्याकडे तयार आहेत. पण आज तिनं बापाला धरलं होतं ते बघितल्यापासून नाही म्हणवत नाही. येऊ दे त्याला घरी. मी हो म्हणेन. सुरुवातीला थोडं ताणून धरेन, पण म्हणेन.

पडदे धुवायला काढलेत. दिवाणखान्यातल्या खुर्चीचा पाय हलतो, तो नीट करायला ह्यांना सांगायला हवं.

रविवार, २५ मे

मुलगा वगैरे कुणी नाही. तो कान बाहेर आलेला तिथला खलाशी, बबडीला दुसऱ्यांदाच भेटलेला.

जहाजावर स्वयंपाकी हवा होता. काल हे परीक्षा द्यायला गेले होते. पास झाले. पुढच्या सोमवारी जहाज सुटतंय, परत यायला नऊ महिने.

मी ओल्या पडद्यासकट उभीच राहिले. हे म्हणाले, “उभा जन्म लिफ्टच्या खड्ड्यात गेला. वर बघितलं की दोरखंड. मला एकदा उघड्यावर जायचंय.”

“मग मला का नाही सांगितलंत?”

हे बोटाची चिकटपट्टी सोलायला लागले. मग म्हणाले, “तू नको म्हणाली असतीस, तर मी गेलो नसतो.”

खरं आहे. मी नकोच म्हणाले असते.